डोळे कोरडे, मग हे पाणी कसलं?

"अहो, डोळे कोरडे झालेत म्हणता आणि सारखं पाणी पुसत असता. हे कसं काय?" भिशीत, बँकेत, कुठेही हा प्रश्न ठरलेला. एका लग्नात तर नवरीच्या मावशीला वाटलं, पाठवणीच्या आधीच माझा बांध फुटला. तुम्हीही विचारलंत म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी मुद्रितशोधन करते. पूर्वी कागदावर करायचे, आता दिवसभर स्क्रीनवर. वेलांटी पहिली की दुसरी हे बघताना मी पापणी लववतच नाही, हे मला फार उशिरा कळलं. एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो. स्क्रीनसमोर ते निम्म्यावर, कधी त्याहूनही खाली येतं. संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपायचं. कर्वे रोडने गाडीवरून घरी येताना वारा लागला की धारा. औषधाच्या दुकानातून 'लाली घालवणारे' थेंब आणले. दहा मिनिटांत डोळे पांढरेशुभ्र! ते थेंब नुसत्या रक्तवाहिन्या आकसवतात, कोरडेपणाचं काहीच करत नाहीत, आणि असर उतरला की लाली दामदुप्पट परतते. हा मूर्खपणा मी तीन महिने केला.

शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी कागदाची एक बारीक पट्टी टोकाशी दुमडून खालच्या पापणीत अडकवली आणि पाच मिनिटं बसवून ठेवलं. पट्टी किती मिलिमीटर भिजते ते बघायचं. दहाच्या वर गेली तर बरं. माझी चौदा भिजली. म्हणजे पाण्याचा तुटवडा नव्हताच. मग डोळ्यांत पिवळा रंग घालून निळ्या दिव्यासमोर बसवलं. "आता पापणी लववू नका." मनात चार म्हणेपर्यंत त्या म्हणाल्या, "फुटला." अश्रूंचा थर निदान दहा सेकंद तरी अखंड टिकायला हवा, माझा चारातच विरत होता.

का, तर वर तेल नव्हतं. अश्रू म्हणजे नुसतं पाणी नव्हे. पाण्याला बुबुळाशी धरून ठेवणारा चिकट भाग, मग पाणी आणि सगळ्यात वर तेलाचा अगदी पातळ थर, पाणी उडून जाऊ नये म्हणून. हे तेल पापण्यांच्या कडेवरच्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत तीसेक, खालच्या पापणीत पंचवीसेक. मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टराने १६६६ सालीच त्यांचं वर्णन करून ठेवलंय. तेल कमी पडलं की डोळा ठिकठिकाणी सुकतो, नसा बोंब ठोकतात आणि अश्रुग्रंथी घाबरून पाणी सोडते. ते पाणीच पाणी. डोळ्यावर ठरत नाही, गालावरून ओघळतं. मावशींना दिसलं ते हे!

डॉक्टरांनी माझ्या पापणीची कड हलकेच दाबून दाखवली. नितळ तेलाऐवजी टूथपेस्टसारखं काहीतरी बाहेर आलं. डिसेंबरात पुण्यात खोबरेलाची बाटली गोठते तेव्हा आपण काय करतो? गरम पाण्यात ठेवतो. उपाय तोच. रोज दहा मिनिटं मिटल्या डोळ्यांवर गरम शेक, सोसवेल इतकाच, आधी मनगटावर बघून. नॅपकिन दोन मिनिटांत गार होतो, पुन्हा पुन्हा बुडवावा लागतो. कंटाळून मी जेलची पट्टी आणली. मग बोटाने वरची पापणी खाली, खालची वर, अशी हलकी मालिश. फरक पडायला मला महिना-दीड महिना लागला, आणि मधे चार दिवस सोडलं की खुपणं परत हजर.

सोबत कृत्रिम अश्रूंचे थेंब. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. ते प्रिझर्व्हेटिव्हच डोळ्याला बोचतं. महाग पडतात, काय करणार. गुलाबपाणी, मध, तूप डोळ्यांत घालायला सांगणारे भरपूर भेटतील, घालू नका. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचंही असंच: २०१८ साली अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात त्या तुलनेसाठी दिलेल्या ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरल्या नाहीत. मी माझ्या बंद केल्या.

शिंकांसाठी घेतलेल्या ॲलर्जीच्या गोळ्याही डोळे सुकवतात, पाळी जाण्याच्या वयात हा त्रास वाढतो. माझ्याकडे दोन्ही होतं. पण डोळ्यांबरोबर तोंडही कोरडं पडत असेल, सांधे दुखत असतील, तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. श्योग्रेन नावाचा वेगळाच आजार असू शकतो, त्याची रक्ततपासणी करतात. आणि डोळा ठणकतोय, उजेड सहन होत नाही, अंधुक दिसतंय, असं असेल तर शेकत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.

राहता राहिला आपला पुणेरी स्कार्फ. नाकातोंडावर घट्ट बांधला तरी डोळे उघडेच राहतात, शिवाय श्वासाची हवा वरच्या फटीतून थेट डोळ्यांवर येते. मी आता बाजूने बंद असलेला गॉगल लावते. सोसायटीतली पोरं हसतात, हसू देत.