ड्रॅक्युला, दुसऱ्यांदा

रविवार, रात्री साडेबारा

आत्ता संपवलं. कॉलेजात पहिल्यांदा वाचलं तेव्हा भीती कधी वाटणार याचीच वाट बघत होते, त्यामुळे हे अख्खं पुस्तक म्हणजे रोजनिश्याच आहेत हे नीट जाणवलंच नव्हतं. काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकलेल्या जोनाथनची शॉर्टहँडमधली डायरी, डॉक्टर सेवर्ड फोनोग्राफवर, म्हणजे आवाज साठवणाऱ्या जुन्या यंत्रावर, बोलून ठेवतो ती, पत्रं, तारा, पेपरातली कात्रणं, जहाजाच्या कॅप्टनच्या नोंदी. सगळे लिहितायत, फक्त काउंटची डायरी कुठेच नाही.

या वेळी खरा काटा आला तो पत्रांच्या प्रसंगाला. काउंट जोनाथनला तीन पत्रं आधीच लिहायला लावतो, पुढच्या तारखा घालून, १२ जून, १९ जून आणि २९ जून, काम संपत आलंय, उद्या निघतोय, निघालो. तारखा ऐकताना त्याला कळतं की आपलं आयुष्य किती उरलंय. मी रोज वर तारीख घालून लिहिते, त्यामुळे तिथे पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसले.

आणि मीना, जोनाथनची बायको! तिचं कौतुक कोणी का करत नाही? सगळ्यांचं लिखाण गोळा करून, तारखेप्रमाणे लावून ती टाइपरायटरवर उतरवते, आणि कोण कुठे काय करत होतं ते तेव्हा कुठे सगळ्यांना एकत्र दिसतं. काउंटला हे बरोबर कळतं, तो येऊन हस्तलिखित आणि फोनोग्राफचे सिलिंडर आगीत टाकतो. पण तिजोरीत दुसरी प्रत असते. मी अक्षरशः 'हुश्श' केलं.

लेखक ब्रॅम स्टोकर १८९०मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या व्हिटबीला गेला होता, तिथे १८८५मध्ये एक रशियन जहाज किनाऱ्याला लागलं होतं, त्यावरून काउंटला इंग्लंडात आणणारं पुस्तकातलं डेमेटर जहाज आलं. पुस्तक आलं १८९७ला. मग १९२२चा 'नोस्फेराटू' सिनेमा याच गोष्टीवरून परवानगी न घेता काढला म्हणून स्टोकरच्या बायकोने केस केली, प्रिंट नष्ट करायचा आदेशही निघाला, तरी काही वाचल्या. उन्हाने व्हॅम्पायर मरतो हे त्या सिनेमातून आलं, पुस्तकात तर काउंट भर दिवसा लंडनमध्ये हिंडतो. मग १९३१च्या 'ड्रॅक्युला' सिनेमातला बेला लुगोसी, तो झगा, ते उच्चार, आणि आज व्हॅम्पायर म्हटलं की लहान पोरंसुद्धा तेच चित्र काढतात. माझं पण पहिलं चित्र तेच होतं आणि त्याच्यामुळेच मी पुस्तकापर्यंत आले, तेव्हा तक्रार नाही. फक्त त्या चित्रात टाइपरायटरवाली मीना असायला हवी होती असं फार वाटतं.

झोप येईना म्हणून परत पहिलं पान उघडलं. ३ मे. जोनाथन हॉटेलात मिरचीचं चिकन खातो, तहान तहान होते, आणि लिहून ठेवतो, मीनासाठी रेसिपी घ्यायची आहे.