बेडाक्विलिनचा रिपोर्ट दोन तासांत का मिळत नाही?

शिवडी असो की गोवंडी, एमडीआर टीबीच्या (नेहमीच्या मुख्य औषधांना दाद न देणाऱ्या टीबीच्या) रुग्णाच्या घरचे हटकून विचारतात: रिफॅम्पिसिन हे टीबीचं नेहमीचं औषध लागू पडेल का हे मशीन दोन तासांत सांगतं, मग एमडीआरवरच्या बेडाक्विलिनसाठी कल्चरची, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची, वाट कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर.

रिफॅम्पिसिन ज्या एन्झाइमला धरतं, ते बंद पडलं तर जंतू मरतो. म्हणजे वाचायचं तर औषध चिकटतं तेवढीच जागा बदलायची, बाकी काम चालू ठेवून. असे बदल 95 टक्क्यांच्या आसपास आरपीओबी जीनच्या जेमतेम 81 डीएनए-अक्षरांत सापडतात. एक्सपर्टच्या (हेच ते दोन तासांचं मशीन) पहिल्या कार्ट्रिजमध्ये या पट्ट्यावर पाच प्रोब, म्हणजे ठरावीक क्रमाला चिकटले की चमकणारे तुकडे, बसवलेत. मूळ क्रम शाबूत असला की पाचही चमकतात. एखादा चमकलाच नाही किंवा फार उशिरा चमकला, की रेझिस्टन्स, म्हणजे औषध लागू पडणार नाही.

बेडाक्विलिनचं गणित वेगळं. हे औषध आधी हाती आलं, ते कुठे लागतं हे नंतर उमगलं: प्रयोगशाळेत रेझिस्टंट झालेल्या जंतूंचा जीनोम वाचला तेव्हा एटीपीई जीनमधला बदल दिसला. 2005 सालची ही गोष्ट. मग प्रोब तिथेच लावा की! पण रुग्णांमधले जंतू बहुतेक वेळा दुसऱ्याच वाटेने निसटतात. औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाला आरव्ही0678 नावाचा जीन दाबून ठेवतो. त्याच्या 498 अक्षरांत कुठेही एखादं अक्षर गळलं किंवा घुसलं, की दाब सुटतो. नळाची तोटी आट्यांवर तुटो की दांड्यावर, पाणी वाहणारच. एवढा पट्टा चार-पाच प्रोबांनी राखता येत नाही. शिवाय तोच पंप क्लोफाझिमिन या एमडीआरवरच्या दुसऱ्या औषधालाही बाहेर काढतो, म्हणजे एका फटक्यात दोन औषधं गेली. आणि पंपाचाच एमएमपीएल5 जीन आधीच बिघडलेला असेल, तर आरव्ही0678 मोडूनही बेडाक्विलिन लागू पडतं!

म्हणून अख्खा जीन वाचावा लागतो. असं वाचणं, म्हणजे टार्गेटेड सिक्वेन्सिंग, थेट बेडक्यावर होतं, पण त्यात जंतू पुरेसे हवेत. अल्ट्राच्या (एक्सपर्टच्या नंतरच्या कार्ट्रिजच्या) रिपोर्टवर ‘ट्रेस’, म्हणजे जंतूंचा जेमतेम मागमूस, असेल तर बहुधा काही हाती लागत नाही. वाचून झाल्यावरही एखादा बदल असा निघतो की त्याचा अर्थ कोणालाच ठाऊक नसतो. मग निवाडा कल्चरचाच: एमजीआयटीच्या, म्हणजे जंतू वाढवायच्या द्रव खाद्याच्या, नळीत मिलीलिटरला 1 मायक्रोग्रॅम बेडाक्विलिन घालून जंतू वाढतो का ते पाहायचं. हा जंतू दुप्पट व्हायलाच साधारण 20 तास घेतो. आधी वाढायला दोन-तीन आठवडे, मग चाचणीला आणखी एक-दोन.

यात खरी माती होते ती नमुन्याची. तोंडातले इतर जंतू मारायला बेडक्यात कॉस्टिक सोड्याचं द्रावण घालून 15 ते 20 मिनिटं ठेवतात. कमी ठेवलं तर ते जंतू नळी गढूळ करून टाकतात, जास्त ठेवलं तर टीबीचाच जंतू मरतो. उकाड्यात नमुना दिवसभर टेबलावर राहिला तर तेच. त्याच दिवशी लॅबला पोचत नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याने चूळ भरून, खोल खोकून 3 ते 5 मिली घट्ट बेडका काढायचा. डबीत फेसाळ लाळ दिसली तर पुन्हा काढा. आणि डब्या दोन भरा, एक मशीनला, एक कल्चरला, औषधाचा पहिला डोस पोटात जाण्याआधी.