बारावं नाव

शनिवार, रात्री साडेदहा

चौदा वर्षांखालच्या मुलींचा जिल्हा स्पर्धेचा खो-खो संघ द्यायचाय. अकरा नावं लिहून झाली, बारावं काही सुचेना.

वहीत दोघींचे आकडे आहेत. आठवीतलीने चार सराव सामन्यांत पाच गडी टिपलेत, खांबावरचा सूर तर बघत राहावा असा. सहावीतल्या धाकटीपुढे एकच गडी आणि माझ्याच अक्षरातला शेरा : ‘पाय मंद. पळतीत टिकत नाही.’

आज मात्र गुणलेखन मदतनिसाकडे दिलं आणि नुसता बसलेल्या मुलींकडे बघत राहिलो. धाकटी उठते ती खो कानावर पडल्यावरच. चार पावलं जाते, आणि पळणारीने हूल देऊन पलीकडची बाजू धरली की तिच्यामागे उगाच धावत नाही. आक्रमकाला मधली पाटी ओलांडता येत नाही, हे त्या पोरीच्या अंगात मुरलंय. त्या बाजूला तोंड करून बसलेलीला तिथल्या तिथे खो. पुढची उठते, हात लावते, आणि वहीत नाव चढतं पुढचीचं. आज नऊ गडी बाद झाले, त्यांतल्या पाचांच्या आधीचा खो धाकटीचा होता. हे कुठल्याच रकान्यात येत नाही.

आठवीतली खो मिळायच्या आधीच उठते. आज तीन फाऊल. प्रत्येक वेळी मागे फिरावं लागलं, तेवढ्यात पळणारीला दम खायला मिळाला.

जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे. तेव्हापासून मुली मैदानावर आल्या आल्या म्हणतात, ‘सर, सूर शिकवा.’ खो द्यायला शिकवा, असं एकीनेही म्हटलेलं नाही. मी तरी तो कधी मोजला?

धाकटीची पळती कच्ची आहे, हे खरंच. वीस सेकंदांच्या आत बाद होते. तिला तिसऱ्या तुकडीत ठेवेन.

शेरा खोडला, नवा रकाना आखला : ‘गडी मिळवून देणारा खो’. बारावं नाव धाकटीचं लिहिलं.

आठवीतली पुढच्या वर्षी वयात बसणार नाही. फळ्यावर यादी लागायच्या आत सोमवारी सकाळी तिला बाजूला घेऊन मीच सांगणार आहे, फाऊलांसकट.