सूत्रातलं जंगल आणि नान्नजचा माळ

गेल्या थंडीत मी सोलापूरजवळ नान्नजच्या माळावर गेले होते, सोबत गवताळ भागांचा अभ्यास करणारी मैत्रीण आणि सॅटेलाइटच्या इमेज वाचणारा आमचा एक दादा. मी अर्थशास्त्रातली, डोक्यात सतत वित्त आयोग, म्हणजे केंद्राच्या करांतला राज्यांचा वाटा एका सूत्राने ठरवणारा आयोग. मैत्रीण खाली बसून कुसळी गवताचा झुपका दाखवत होती, काळविटं लांब उभी होती, आणि तिने सहज विचारलं, तुमच्या त्या सूत्रात हे कुठे बसतं गं?

कुठेच नाही.

म्हणजे बघा, 15व्या वित्त आयोगाने केंद्राच्या वाटून घ्यायच्या करांतले 41% राज्यांना दिले आणि राज्यांमध्ये ते वाटताना 10% वजन जंगल आणि पर्यावरणाला दिलं, त्याआधी 14व्या आयोगाने पहिल्यांदा 7.5% दिलं होतं. मला हे फार आवडलं होतं, जंगल राखणाऱ्या राज्याला त्याचं काहीतरी मिळायलाच हवं. पण 15व्या आयोगाच्या सूत्रात मोजलं काय गेलं, तर फक्त दाट जंगल, म्हणजे वरून बघितल्यावर झाडांच्या सावलीने निदान 40% जमीन झाकलेली पाहिजे होती. दादा म्हणाला, सॅटेलाइटला झाडाची सावली दिसते, झाड कुणाचं आणि कसलं ते नाही, त्यामुळे दाट आमराईसुद्धा जंगलाच्या आकड्यात येऊ शकते. आणि माळढोकाचं अभयारण्य असलेला हा माळ, जिथे लांडगे राहतात, तो शून्य!

मी हे रिपोर्ट कितीतरी वर्षं वाचतेय पण ही गोष्ट मला एकटीला कधीच दिसली नसती, खरंच. मी 10% वर वाद घालत बसले असते, आणि माझी मैत्रीण आयुष्यभर गवत मोजत राहिली असती, ते पैशांच्या वाटणीशी जोडलेलं आहे हे तिला कुणी सांगितलंच नसतं.

परतताना एका रिटायर्ड तलाठी काकांकडे चहा घेतला. ते म्हणाले, अहो, आमच्या सातबाऱ्यावर असल्या जमिनीला पोटखराबा लिहितात, कसायला येत नाही म्हणून. मैत्रिणीने तो शब्द लगेच वहीत लिहून घेतला. आता आम्ही त्यांनाही सोबत घेतलंय, पुढच्या महिन्यात चौघं मिळून एका तालुक्याचे जुने उतारे आणि सॅटेलाइटचा नकाशा शेजारी शेजारी ठेवून बघणार आहोत.