आत्याचे चिंचोके

आषाढ लागला की बेळगावात दोन गोष्टी धरूनच चालायच्या. दोरीवरचे कपडे वाळणार नाहीत, आणि करंट टिकणार नाही. मागच्या रविवारी दुपारी करंट गेला तेव्हा पुतण्या फोनवर लुडो खेळत होता आणि फोनवर भयंकर चिडला होता.

"काका, हा फोन मुद्दाम करूलालाय. दहा वेळा टाकलं, एक सहा नाही!"

मी खुर्चीत बसल्या बसल्या शहाणपणा केला. एका फेकीत सहा न पडण्याची शक्यता सहात पाच. लागोपाठ दहा वेळा न पडण्याची सुमारे १६ टक्के. म्हणजे एकट्याच्या नशिबी तसं क्वचितच. पण खेळायला चौघे बसले, तर चौघांपैकी निदान एकजण पहिल्या दहा फेकी घरातच अडकून राहण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. थोडक्यात, दर दोन डावांत एकदा कुणीतरी रडणारच.

"पण दर वेळी मीच कसा?"

आता याला काय सांगणार? टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट माझी स्कूटर बघूनच पडतं, असं माझं स्वतःचं वीस वर्षांचं मत आहे. उघडं मिळालेलं गेट कोण ध्यानात ठेवतो!

गंमत म्हणजे गेम बनवणाऱ्यांना ही आपली खोड पुरती ठाऊक असते. 'सिव्हिलायझेशन' हा लढायांचा कॉम्प्युटर गेम बनवणारे सिड मायर यांनी २०१० मध्ये एका भाषणात सांगितलं होतं, की तीनास एक असं पारडं जड असताना खेळणारा लढाई हरला की त्याला ते खपत नाही. वास्तविक चारात एकदा हरायलाच पाहिजे. आणि तसं लागोपाठ दोनदा झालं, की गेमच बिघडलाय म्हणतो. मग त्यांनी आधीच्या लढाईचा निकाल लक्षात घेऊन पुढचा हिशेब खेळणाऱ्याच्या बाजूनं थोडा झुकवला. टेट्रिसचं, म्हणजे वरून पडणारे तुकडे जुळवून बसवायच्या गेमचं, तर आणखी सरळ. १९८४ मध्ये मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी तो बनवला. आताच्या बहुतेक टेट्रिसमध्ये सातही आकार जणू एका पिशवीत घालून ढवळतात, एकेक करून बाहेर काढतात, आणि पिशवी रिकामी झाली की पुन्हा भरतात. त्यामुळे तो लांब दांडा कितीही रुसला तरी मध्ये बारापेक्षा जास्त तुकडे जातच नाहीत. अस्सल योगायोग लोकांना लबाड वाटतो, म्हणून त्याला पॉलिश मारून द्यायचं. मला हे थोडं खटकतं, पण रेल्वे गेटला कुणी अशी पिशवी लावून दिली तर मी नको म्हणणार नाही.

एवढं ऐकेपर्यंत फोनही बंद पडला. आतून आत्याचा आवाज आला, "चिंचोके काढू काय रे?"

आत्याचे चार चिंचोके प्लास्टिकच्या एका डबीत असतात. एका बाजूनं दगडावर घासून पांढरे केलेले, दुसऱ्या बाजूनं तसेच काळपट. हात लागून लागून इतके गुळगुळीत झालेत, की फरशीवर टाकले की टणटणत लांब जातात. तिनं खडूनं पाच-पाच घरांचा पट आखला. जितके पांढरे पडतील तितकी घरं चालायची. शेजारच्या अक्का छत्री झटकत आल्या आणि बसल्या. त्या "ओंदु, एरडु" मोजतात, आत्या "एक, दोन" मोजते. चारही पांढरे पडले की मात्र दोघी एका सुरात "चौका!" म्हणतात. चारही काळे पडले की "बारा!" म्हणून ओरडायचं आणि चालायची घरं आठ. बाराची आठ कशी झाली, हे मी लहानपणापासून विचारतोय. "तसंच असतंय," हे उत्तरही तेव्हापासून तेच आहे.

मी पुतण्याला वहीच्या मागच्या पानावर सगळे प्रकार मांडायला लावले. चार चिंचोके, प्रत्येकाच्या दोन बाजू, एकूण १६ प्रकार. शून्य पांढरे एकदा, एक पांढरा चारदा, दोन सहादा, तीन चारदा, चार एकदा. १, ४, ६, ४, १. पोरगा म्हणाला, "हे आमच्यात पास्कलचा त्रिकोण म्हणून आहे." आहेच. पण पास्कलच्या कितीतरी आधी, दहाव्या शतकात हलायुधानं पिंगलाच्या छंदःशास्त्रावर लिहिताना हाच मेरुप्रस्तार मांडला होता. चार अक्षरांच्या ओळीत लघु-गुरू किती तऱ्हेनं बसतील, हे त्याला मोजायचं होतं. पांढऱ्याला लघु म्हणा, काळ्याला गुरू म्हणा, झालं. पुतण्याला लघु-गुरू ठाऊक होते, कन्नडच्या तासाला शिकलेला. तिथंही गणच पाडतात.

आणखी एक हिशेब मला त्या दिवशीच सुचला. 'बारा'चा नियम नसता तर एका फेकीत सरासरी दोन घरं चालायला मिळाली असती. त्या एका नियमानं सरासरी अडीचवर जाते. ज्यानं कुणी हे ठरवलं, त्याला डाव रेंगाळू नये एवढं बरोबर कळत होतं.

इकडे आत्याला चौथ्यांदा 'बारा' पडले. अक्कांनी चिंचोके उचलून उजेडात धरले. पुतण्या तर पोलिसच झाला, "आत्याआज्जी, शंभर वेळा टाक!" आत्यानंही खरंच टाकले. वहीत रेघा ओढत गेलो. सरळ चिंचोके असतील तर शंभरात सहा-सात वेळा 'बारा' पडावेत. आत्याचे अकरा पडले.

चोर सापडला, असं पोराचं म्हणणं. मी पुन्हा हिशेब केला. अगदी सरळ चिंचोक्यांनीही शंभरात अकरा किंवा जास्त पडू शकतात, वीसातून साधारण एकदा. त्यामुळे आत्याला धरताही येईना आणि सोडताही येईना. मजा अशी, की फोनवर दहा फेकींत खटला उभा करणारा पुतण्या आत्यासाठी शंभर फेकींपर्यंत थांबला होता. आत्यानं चिंचोके डबीत टाकले, झाकण लावलं आणि चहा ठेवायला आत गेली.

करंट संध्याकाळी आला. फोन चार्जिंगला लागला, पण पुतण्या बाहेर कट्ट्यावर होता. अक्कांकडून चार नवे चिंचोके मागून आणले होते आणि ओल्या दगडावर घासत बसला होता. मी जवळ जाऊन बघितलं. त्यातले दोन जरा जास्तच घासलेले वाटले.