तुम्ही विचारलंत म्हणून: मॉडेलमधून हवा तो आकडा काढता येतो का?

नदीच्या प्रदूषणाची, गाळाची आणि कार्बनची गणिती मॉडेलं करते असं सांगितलं की समोरचा माणूस दोन मिनिटं नीट ऐकून घेतो आणि मग हमखास हाच प्रश्न येतो. पत्रकार विचारतात, कार्यकर्ते विचारतात, नातेवाईक विचारतात, मध्ये एका विद्यार्थिनीने भर वर्गात विचारलं. "पण मॅडम, मॉडेलमधून पाहिजे तो आकडा काढता येतो ना?" इतकी वर्षं मी "नाही हो, तसं नसतं" म्हणून विषय बदलत आले. आता एकदाच सविस्तर लिहिते, म्हणजे पुढच्या वेळी हेच वाचायला देता येईल.

हो, काढता येतो. पण एका मर्यादेतच. ती मर्यादा कुठे आहे हे बघायचे कष्ट न घेता जे सरळ "सगळी मॉडेलं बोगस" म्हणून मोकळे होतात त्यांचा मला राग येतो, आणि "मॉडेल सांगतंय म्हणजे विज्ञान सांगतंय" म्हणत रिपोर्ट टेबलावर आपटतात त्यांचाही तितकाच येतो.

आधी जे करता येत नाही ते सांगते. नदीत आलेली घाण कागदावर गायब करता येत नाही. जेवढी आली तेवढी एकतर कुजली, तळाशी बसली, हवेत गेली किंवा पुढे वाहून गेली, बेरीज जुळलीच पाहिजे. १९२५ साली स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीवर जे समीकरण मांडलं त्याचा गाभा आजही तोच आहे: जिवाणू सांडपाणी कुजवताना पाण्यातला ऑक्सिजन खातात, हवा तो पुन्हा भरते, आणि या दोघांच्या ओढाताणीत ऑक्सिजन आधी खाली जातो मग हळूहळू वर येतो. सगळ्यात वाईट जागा नाल्याच्या तोंडाशी नसते, बरीच पुढे असते. हे नदीकाठी राहणाऱ्यांना समीकरणाशिवाय माहीत असतं, कारण मासे तिथे मरतात.

आता जे करता येतं ते. हवा किती वेगाने ऑक्सिजन भरते याला रीएरेशन म्हणतात आणि त्याची सूत्रं एकापेक्षा जास्त आहेत. अर्धा मीटर खोल आणि सेकंदाला ०.२ मीटर वेगाने वाहणारं पाणी घ्या. चर्चिलच्या सूत्राने दर दिवसाला साधारण ३.२ येतो, ओ'कॉनर-डॉबिन्सने ५, ओवेन्स-गिब्सने ६.५. नदी तीच, पाणी तेच, आणि आकडा दुप्पट. तिन्ही सूत्रं छापील आहेत, तिन्ही प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून बघितलेली आहेत, आणि कुठल्या खोलीला कुठलं वापरायचं याचे तक्तेही आहेत. म्हणजे कुणाला खोटं बोलायची गरजच पडत नाही. हे लिहिताना मला बरं वाटत नाहीये पण तुम्ही विचारलंत.

एक प्रसंग सांगते. नदीचं नाव घेत नाही, काम देणाऱ्यांचंही नाही. सांडपाणी प्रकल्पाचा विस्तार करायचा होता आणि शुद्ध करून सोडलेलं पाणी वाढल्यावर खाली नदीत काय होईल ते मला काढून द्यायचं होतं. त्या पट्ट्यात एक जुना बंधारा आहे, त्याच्यामागे डोह साठतो. उन्हाळ्यातला किमान प्रवाह धरून मी मॉडेल चालवलं तर डोहात ऑक्सिजन लिटरला ५ मिलिग्रॅम या किमान मर्यादेच्या खाली जात होता, आणि थोडाथोडका नाही. कारण सरळ होतं. दीड मीटर खोल आणि जवळजवळ थांबलेल्या पाण्यात रीएरेशनचा दर ६.५ वगैरे नाही, दिवसाला ०.५ वर येतो. त्यात तळाचा गाळ स्वतः ऑक्सिजन खातो. चौरस मीटरला दिवसाला ३ ग्रॅम धरलं तर दीड मीटर पाण्यातून रोज लिटरमागे २ मिलिग्रॅम नुसत्या गाळाला गेले. उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर असेल तर मुळात त्यात मावतोच साडेसात मिलिग्रॅम.

सादरीकरण झालं, कुणी काही आक्षेप घेतला नाही, चहा झाला. दोन-चार दिवसांनी फोन आला. आवाज अगदी अदबशीर. "मॅडम, रिपोर्ट छान झालाय, फक्त तो रीएरेशनचा आकडा जरा बघता का? बाकीचे जास्त घेतात." मी म्हटलं बघायचाच तर मोजूनच बघू, प्रोपेनसारखा वायू पाण्यात सोडून तो पुढे किती उरतो यावरून प्रत्यक्ष दर काढता येतो, थोडा वेळ द्या. वेळ नव्हता. मग मी नाही म्हणाले. कुणी धमकी दिली नाही, पैसे अडवले नाहीत, फक्त पुढचं काम दुसऱ्याकडे गेलं.

तो दुसरा रिपोर्ट काही महिन्यांनी जनसुनावणीच्या कागदपत्रांत माझ्या हाती आला. मी तो रात्री बसून वाचला आणि खरं सांगते, लबाडी शोधायलाच वाचला. सापडली नाही. जुन्या सर्वेक्षणातली सरासरी खोली अर्धा मीटर, वेग ०.२, तक्त्यात बघितलं तर त्या खोलीला ओवेन्स-गिब्सच येतं, म्हणून ६.५. नाल्यापासून बंधाऱ्याच्या पार पुढेपर्यंत सगळा पट्टा एकच तुकडा धरलेला, त्यामुळे डोह उथळ खळाळात विरघळून गेला. गाळाच्या रकान्यात शून्य. आणि सगळ्यात कमी ऑक्सिजन? पाचाच्या किंचित वर.

रिपोर्ट करणारा माझ्याच बॅचचा. मी त्याला फोन केला.

"गाळाचा रकाना शून्य का ठेवलास?"

"मोजमाप नव्हतं. तुझ्याकडे होतं?"

"नव्हतं."

"मग तीन ग्रॅम कुठून आणलेस?"

"पुस्तकातून. अशा सांडपाण्याच्या खालच्या गाळाला एवढं असतं."

"एक पण असतं, पुस्तकात ते पण आहे. मग तीनच का?"

मी म्हटलं शून्य हा पण आकडाच आहे, रकाना रिकामा ठेवला म्हणजे तू काहीच गृहीत धरलं नाहीस असं होत नाही, तू असं म्हणतोयस की तो गाळ काहीच खात नाही. तो म्हणाला मान्य, पण तीन हे तुझं मत आहे आणि शून्य हे माझं, आणि दोघांकडेही मोजमाप नाही. मी त्या डोहात गुडघाभर काळ्या गाळात उभी राहिले होते, पाय काढला की सडक्या अंड्यासारखा वास वर यायचा, तो वास म्हणजे तळाशी ऑक्सिजन संपल्याची खूण. पण वास रकान्यात टाकता येत नाही. 'दोघांकडेही मोजमाप नाही' या त्याच्या वाक्यावर मी आजही अडते. मला अजून वाटतं की माझा आकडा सत्याच्या जवळ होता. सिद्ध करून दाखव म्हणाल तर मी एवढंच दाखवू शकते जे पुढे सांगतेय.

त्यानंतर आम्ही काही जण स्वखर्चाने त्या डोहावर गेलो, सूर्य उगवायच्या आधी. आधी का, तर दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ खातं, त्यामुळे पहाटे पाणी सगळ्यात उपाशी असतं. बहुतेक ठिकाणी नमुने ऑफिस उघडल्यावर, गाडी मिळाल्यावर, अकरा-बाराला घेतले जातात आणि तोच आकडा "नदीचा ऑक्सिजन" म्हणून फाइलमध्ये बसतो. ज्यांनी हे काम केलंय त्यांना माहीत असेल: बाटली पाण्याखाली धरून बुडबुडा न येता भरायची, त्यात मँगनीज सल्फेट टाकायचं, मग आयोडाइडचं द्रावण, बूच लावून उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका तयार होतो, जेवढा जास्त तेवढा गडद. नसेल तर पांढरा. टॉर्चच्या उजेडात आमच्या बाटलीत साका पांढरा होता, अगदी कडेला जेमतेम पिवळट झाक. आम्ही दुसरी भरली, तीही तशीच. बाटल्यांवर नावं लिहिणारा मुलगा म्हणाला रसायन जुनं असेल का. नव्हतं, कारण दुपारी त्याच जागी, त्याच रसायनांनी भरलेली बाटली गडद तपकिरी झाली.

ते आकडे मी जिथे द्यायचे तिथे दिले. उत्तर आलं की एका दिवसाच्या नमुन्यावरून निष्कर्ष काढता येणार नाही, आणि पहाटेचाच नमुना घ्यावा असं नियमात कुठे लिहिलेलं नाही. मला त्याचा संताप आला होता. पण यातलं पहिलं वाक्य मी स्वतः दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलंय, कुणी एखादी बाटली नाचवत आलं की "सलग मोजमाप आणा" असंच मी म्हणते. प्रकल्पाला परवानगी मिळाली.

या प्रसंगाआधीची मी म्हणायची की मॉडेल निष्पक्ष असतं, माणसं पक्षपाती असतात. वर्गात शिकवायची सुद्धा. आता त्या बाईशी वाद घालावासा वाटतो. नदीचे तुकडे कुठे पाडायचे, कुठला महिना धरायचा, कुठला रकाना रिकामा सोडायचा, हे सगळं मॉडेल चालू व्हायच्या आधी ठरतं आणि ते माणूसच ठरवतो. पण ती बाई पूर्ण हरलेली नाही. ती म्हणते की शून्य सापडला कुठे? मॉडेलमध्येच ना? "नदी ठीक आहे" असं कुणी नुसतं तोंडी म्हटलं असतं तर तू कुठला रकाना उघडून बघितला असतास? याला माझ्याकडे उत्तर नाही, तिचा मुद्दा बरोबर आहे.

गाळाचं तर विचारूच नका. वर्षभरात नदीतून जाणारा बहुतेक गाळ पुराच्या मोजक्या दिवसांत जातो आणि नेमक्या त्या दिवशी नमुना घ्यायला कुणी पाण्याजवळ जाऊ शकत नाही. मग इतर दिवसांच्या नमुन्यांवरून प्रवाह आणि गाळ यांचं लॉगमधलं (म्हणजे आकड्यांचे लॉगॅरिथम घेऊन केलेलं) समीकरण बसवून पुराचा गाळ अंदाजायचा. हे लॉगमधून परत साध्या आकड्यांत आणताना उत्तर कमी येतं, काही वेळा निम्म्यापर्यंत, हे फर्ग्युसनने १९८६ मध्येच दाखवलंय आणि दुरुस्ती कशी करायची तेही सांगितलंय. तरी दुरुस्ती न केलेले रिपोर्ट माझ्याकडे अजून येतात. धरण किती वर्षांत भरेल हे त्या आकड्यावर ठरतं म्हणून मला हे क्षुल्लक वाटत नाही.

आणि आता कार्बन, कारण हल्ली प्रश्न त्यावरूनच जास्त येतात. नदी म्हणजे जमिनीवरचा कार्बन समुद्रात नेणारा नुसता पाइप, असं बरीच वर्षं धरलं जायचं. २००७ साली कोल आणि सहकाऱ्यांनी जगाचा हिशोब मांडला: जमिनीवरून गोड्या पाण्यात वर्षाला साधारण १९० कोटी टन कार्बन येतो, त्यातला समुद्रात पोचतो जेमतेम ९० कोटी, निदान ८० कोटी वाटेतच हवेत जातो आणि २० कोटी गाळात पुरला जातो. म्हणजे एखाद्या प्रदेशाचा ताळेबंद करताना नदी वगळली तर झाडांनी शोषलेल्या कार्बनमधला जो पाण्यातून निसटला तोही तुम्ही जमिनीत साठला म्हणून मोजता.

पण इथे पाहिजे तो आकडाच काय, पाहिजे ते चिन्ह निघतं. मातीची धूप झाल्याने हवेत कार्बन वाढतो की कमी होतो? मृदाशास्त्रज्ञ रतन लाल यांनी २००३ मध्ये मांडलं की धुपेमुळे वर्षाला ८० ते १२० कोटी टन कार्बन हवेत जातो. २००७ मध्ये व्हॅन ऊस्ट आणि सहकाऱ्यांनी मांडलं की उलट सुमारे १२ कोटी टन शोषला जातो. दोघंही अभ्यासू, कुणी कुणाच्या खिशातला नाही. एकाचा भर वाहून जाताना कुजणाऱ्या मातीवर आहे, दुसऱ्याचा भर उताराच्या तळाशी पुरल्या जाणाऱ्या मातीवर आणि वर उघड्या पडलेल्या जमिनीत पिकं जो नवा कार्बन घालतात त्यावर. हद्द कुठे आखली आणि किती वर्षं धरली यावर अधिक की उणे ठरतं.

सध्या माझ्याकडे असाच एका प्रदेशाचा ताळेबंद चालू आहे. धरणात अडकलेला गाळ कार्बन पुरतो म्हणून जमेला धरायचा, की त्याच धरणाच्या तळातून मिथेन निघतो म्हणून खर्चात टाकायचा, की दोन्ही, आणि दोन्ही तर मिथेनचं मोजमाप कुठाय? मी दोन हद्दींचे दोन हिशोब द्यायचं ठरवलंय, प्रत्येकाखाली कुठला रकाना मोजलेला आणि कुठला पुस्तकातून घेतलेला ते लिहून. ज्यांनी काम दिलंय त्यांना एकच आकडा हवाय. त्यांचं म्हणणं मी उडवून लावू शकत नाही, कारण एक अधिक आणि एक उणे असे दोन आकडे हातात देऊन मी त्यांना कुठलं धोरण ठरवायला सांगतेय? बॅचमेटला विचारलं तर तो म्हणाला एकच दे, मधला दे. मधला जवळजवळ शून्य येतो. तो मी देणार नाही एवढं पक्कं आहे, पण त्याच्या जागी काय द्यायचं यावर आमची मीटिंग अजून व्हायचीय.