काळुंदराचे आफ्रिकेतील गोत

गोव्याच्या खाजनांत, म्हणजे बांध घातलेल्या खारवट जमिनींत, आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दाराच्या, तोंडाशी मिळणारा काळुंदर मासा ज्या सिक्लिड कुळातला आहे, त्या कुळाचा विलक्षण विस्तार पूर्व आफ्रिकेतील मलावी सरोवरात झाला आहे, हे आपल्याकडे मासळीची उत्तम पारख असणाऱ्यांनाही सहसा ठाऊक नसते. या सरोवराच्या पूर्वेकडील काठाचा काही भाग मोझांबिकमध्ये येतो आणि तिथे त्याला नियासा म्हणतात. १७५२ पर्यंत मोझांबिकचा पोर्तुगीज कारभार गोव्यातूनच चालत असे आणि पुढेही कितीतरी गोवेकर कुटुंबे तिथे नांदली, त्यामुळे हे नाव आपल्याला परके वाटू नये.

सरोवर सुमारे ५८० किलोमीटर लांब आणि ७०० मीटरहून अधिक खोल आहे. मात्र साधारण अडीचशे मीटरच्या खाली पाण्यात प्राणवायूच नसल्याने माशांचे सारे जग वरच्या थरात आणि काठाजवळ वसले आहे. त्यात सिक्लिडांच्या आठशेहून अधिक जाती असाव्यात आणि त्यांतील बहुतेक सर्व जगात अन्यत्र कुठेही आढळत नाहीत. खडकांवरील शेवाळ खरवडून खाणारे निळे-पिवळे म्बुना मासे आपला खडक सोडून मोकळ्या वाळूवरून दूर जात नाहीत, म्हणून वाळूच्या एका पट्ट्याने वेगळ्या झालेल्या दोन खडकाळ जागांवर रंगाने निराळे, कधी जातीनेही निराळे मासे सापडतात. हे वैभव जितके थक्क करते तितकेच मला ते काळजीत टाकते, कारण ज्या माशाचा सारा मुलूख एका खडकापुरता आहे, त्याने त्या खडकावर गाळ साचला तर जावे कुठे?

काळुंदराची जोडी पाण्यातल्या दगडाला किंवा लाकडाला अंडी चिकटवते आणि नर-मादी दोघेही त्यांवर पहारा देतात. मलावीतील म्बुना मादी याच्याही पुढे जाऊन अंडी थेट तोंडात धरते, सुमारे तीन आठवडे जवळजवळ उपाशी राहते आणि पोहण्याजोगी झालेली पिल्लेच बाहेर सोडते. पण वात्सल्याची गोष्ट सांगायची तर मला सिक्लिडांपेक्षा कांपांगो हा मोठा, मिशाळ मासा अधिक मोलाचा वाटतो. त्याची जोडी तळाशी घरटे राखते. मादी पिल्लांना खाऊ म्हणून न फळलेली अंडी घालते, तर नर बाहेरून बारीक जलचर आणून त्यांना भरवतो. अशा घरट्यांत सिक्लिडांची पिल्लेही वाढताना आढळली आहेत. एवढ्या बलाढ्य शिकारी माशाच्या पहाऱ्यात परकी पिल्ले सुरक्षित राहावीत, हे निसर्गाचे औदार्य नसून दोन्ही बाजूंना परवडणारी व्यवस्था असणार. तरीही तिचा विचार मनातून जात नाही.

काठावरील झाडांवर आफ्रिकी मत्स्यगरुड बसतात, खडकाळ बेटांवर पाणकावळे वस्ती करतात, उथळ पाण्यात पाणघोडे आणि मगरी असतात. सरोवरावर चिलटांचे ढग धुराच्या लोटांसारखे उठतात. काठावरचे लोक ती चिलटे गोळा करून त्यांच्या वड्या थापतात आणि खातात.

काठावरच्या माणसांचा लाडका मासा मात्र चांबो. हा तिलापियाचा सख्खा नातलग. आपल्याकडे १९५२ मध्ये आणलेला मोझांबिकचा तिलापिया इथल्या गोड्या आणि मचूळ पाण्यात फोफावला आणि काळुंदराच्या वाट्याचे अन्न व जागा बळकावू लागला. तिकडे चांबो मात्र अति मासेमारीने इतका घटला की त्याच्या तीन जाती आज अतिसंकटग्रस्त गणल्या जातात. बारीक आसाची जाळी पिल्लेही उपसून काढतात, तेव्हा पुढच्या हंगामाला उरणार काय? पावसाळ्यातील मासेमारीबंदी आपण गोव्यात पाळतो, तशी बंदी तिथेही काही जाळ्यांना ठरावीक महिन्यांत लागू असते. दक्षिण टोकाचे राष्ट्रीय उद्यान १९८४ पासून जागतिक वारसास्थळ आहे, पण त्याने राखलेला भाग विशाल सरोवराच्या मानाने अगदी लहान आहे. २०११ मध्ये मोझांबिकने आपल्या काठालगतचे पाणी राखीव केले, याचे मला विशेष समाधान वाटते. काठावरच्या गावांतील कोळ्यांना देखरेखीत खरा अधिकार मिळाला, तरच चांबोच्या विणीच्या जागा जाळ्यांपासून वाचतील.